भ्यालेला आधी निघतो

साळोखेकाकांइतका घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फ्रीवेवर गाडी घालताना ते तोंडाने "थांब, थांब, थांब" म्हणायचे. ते मागून येणाऱ्या ट्रकला म्हणतात की स्वतःला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडीच्या डिकीत पाण्याच्या बाटल्या, दोरी, टॉर्च आणि कोरड्या चिवड्याचा एक डबा कायम असायचा. लिफ्टमध्ये चार माणसं आधीच असली की ते "मी येतो मागून" म्हणून जिन्याने यायचे. आकाशात एक ढग काळा दिसला तरी ऑफिसातून काकूंना फोन करायचे.

मी आणि शिरीष दोन हजार एकमध्ये ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आलो. आमच्या रस्त्यावरचं पहिलं मराठी घर त्यांचं. माझं आणि त्यांचं ऑफिस एकच निघालं, त्यामुळे सकाळी मी त्यांच्या गाडीतून जायला लागले. पाइपलाइनवर कुठे ताण येईल आणि कुठला जोड आधी जाईल, याचा हिशेब करणं हे त्यांचं काम. माणूस मूळचा इचलकरंजीचा. बारीक अंगाचा, जाड भिंगांचा, डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झालेली. ती बोटं कशामुळे वाकडी झाली ते मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "कबड्डी. उजवा कोपरा राखायचो मी. जिल्ह्याकडून खेळलोय."

मला हसू आलं. हा लिफ्टला घाबरणारा माणूस मैदानात माणसं धरायचा?

"हसतेस काय?" ते आरशात बघत म्हणाले. "भित्रा होतो म्हणून तर खेळलो."

त्याचा अर्थ मला पहिल्या हिवाळ्याआधीच कळला. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे टीव्हीवर कॉलेज फुटबॉल लागायचा. टेक्सासमध्ये तो टाळता येत नाही. आमच्या ऑफिसातली माणसं चिप्सच्या पिशव्या घेऊन साळोख्यांच्या हॉलमध्ये जमायची. कारण एकच. दरवर्षी ऑगस्टमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, कॉलेजांच्या टीममध्ये नव्याने आलेल्या बचावाच्या पोरांपैकी कोण मोठा होणार, हे काका सांगायचे. आणि ते खरं व्हायचं. पेपरवाले, टीव्हीवरचे जुने खेळाडू ज्यांची नावं घेत, ती पोरं काकांच्या तोंडी क्वचितच असत. ते भलतंच कुणीतरी निवडत.

मला खेळातलं काही समजत नव्हतं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "एक टीम बॉल घेऊन पुढे घुसते, दुसरी तिला अडवते. आपण अडवणाऱ्यांकडे बघायचं. बॉलकडे बघायचं नाही."

त्या वर्षी त्यांनी एक लुकडा पोरगा निवडला. सगळे हसले. आमचा रे नावाचा एक सहकारी होता, स्वतः कॉलेजात खेळलेला, दरवाजाएवढा माणूस. काकांना तो डिग म्हणायचा. म्हणाला, "डिग, वारा आला तर उडेल तो." काकांनी रिमोटने चित्र थांबवलं आणि पडद्याजवळ जाऊन त्या पोराच्या बुटावर वाकडं बोट ठेवलं.

"टाच बघ. बॉल हलायच्या आधी ह्याची टाच उचललेली आहे. पोटात गोळा आलाय पोराच्या. समोरचा कुठे जाणार हे ह्याला आधी कळतंय, कारण ह्याला त्याची भीती वाटतेय." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "भ्यालेला आधी निघतो, मीनल. निधडा उशिरा निघतो. आणि मग तो उशीर भरून काढायला डोकं घालतो."

नाताळच्या सुट्टीपर्यंत तो लुकडा पोरगा सगळ्या टीव्हीवर होता. रे ऑफिसात काकांना बघितलं की कमरेत वाकून नमस्कार करायला लागला.

तेव्हापासून मला त्यांच्या भीतीकडे वेगळ्या नजरेने बघायची सवय लागली. मोठं वादळ ह्यूस्टनवर येतंय अशी बातमी आली, त्या वर्षी माझी मुलगी पोटात होती. टीव्हीवाले अजून "लक्ष ठेवून राहा" एवढंच सांगत होते, तेव्हाच काका दारात उभे. "चल. आत्ता. शिरीषला म्हणावं, खिडक्यांना फळ्या लावत बसू नको." शिरीष कुरकुरला. पण आम्ही निघालो, आणि दुपारच्या जेवणाला ऑस्टिनला पोचलोही. जे दुसऱ्या दिवशी निघाले ते उन्हात फ्रीवेवर अडकले, गाड्यांतलं पेट्रोल संपलं, लोक रस्त्याच्या कडेला लहान मुलांना ओल्या टॉवेलने पुसत बसले. ते टीव्हीवर बघताना शैलाकाकू म्हणाल्या, "झालं, आता ह्यांना आणखी वीस वर्षं घाबरायला परवाना मिळाला."

शैलाकाकू स्वतः कशालाच घाबरत नसत. आणि त्यांचा मुलगा अमेय त्यांच्यावर गेला होता.

अमेय शाळेत असताना आईच्या पाठिंब्यावर फुटबॉलमध्ये घुसला. काकांना कळलं तेव्हा त्याचे सराव सुरू झाले होते. उंच, रुंद खांद्यांचा, सतत खाणारा, दारातून आत येताना चौकटीला हात मारणारा मुलगा. तो सगळ्यात मागे उभा राहायचा. बाकीच्यांना चुकवून जो पुढे येईल, त्याला धरणारा शेवटचा माणूस. त्याची पहिली मॅच आम्ही सगळे बघायला गेलो. अमेयने दोन पोरांना असं आडवं केलं की गॅलरी उभी राहिली. काकूंनी शिट्टी मारली. खरोखर, दोन बोटं तोंडात घालून.

काका बसूनच होते. परतताना पार्किंगमध्ये ते माझ्या बाजूने चालत होते. हळूच म्हणाले, "मीनल, ह्याला भीतीच वाटत नाही गं."

डॉक्टर रिपोर्ट बघून बोलतात, तसा आवाज होता.

अमेय पुढे आमच्यापासून तीन-साडेतीन तासांवरच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला आणि स्कॉलरशिपशिवाय, नुसत्या चाचण्या देऊन तिथल्या टीममध्ये शिरला. आपल्या मुलांपैकी कुणी असं केलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. पहिलं वर्ष तो बाहेरच बसला. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळलं की त्याला खेळवणार आहेत. घरी आला होता तेव्हा. काकूंनी तांबडा रस्सा केला होता, आम्हीही जेवायला होतो. रेने काकांना विचारलेली त्या वर्षीची नावं शिरीष चेष्टेने परत विचारत होता. अमेय मान खाली घालून जेवत होता. एकदम म्हणाला, "बाबा, सगळ्यांचं सांगता. माझं सांगा ना."

काकूंनी वाटी पुढे केली. "घे रे, रस्सा घे."

"नो आई, लेट हिम से इट."

काकांनी हात धुतले. परत येऊन बसले. मग त्याच्याकडे न बघता बोलले. "तू उशिरा निघतोस. ताकद आहे म्हणून आत्तापर्यंत चालून गेलं. शेवटच्या क्षणी डोकं खाली घालतोस आणि धडक देतोस. तशी धडक दिली की मान जाते. ह्या वर्षी समोर मोठी माणसं असतील. मला वाटतं ह्या वर्षीच होईल."

अमेय हसला, पण कानापर्यंत लाल झाला होता. "बाबा, यू आर स्केअर्ड ऑफ द फ्रीवे. यू आर स्केअर्ड ऑफ एलिव्हेटर्स." मग मराठीत, कष्टाने शब्द जुळवत, "तुम्हाला सगळ्याचीच भीती वाटते. मग मी काय ऐकू?"

"भरल्या ताटावर पोराला असं बोलतात?" काकू म्हणाल्या. त्या उठून आत गेल्या. काकांनी ती वाटी अमेयच्या ताटाजवळ सरकवली. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि त्यांच्याच तोंडून आल्यामुळे ते खोटं पडलं होतं.

त्यानंतर ते दर शनिवारी तिकडे जायला लागले. फ्रीवेला घाबरणारा माणूस आतल्या छोट्या रस्त्यांनी, सकाळी लवकर निघून. सामना बघून आले की सोमवारी गाडीत त्यांचा चेहरा राखेसारखा असायचा. "झालं एक," एवढंच म्हणायचे.

वादळाच्या त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या एका सामन्याला काकू मला घेऊन गेल्या. मला सातवा महिना संपत आला होता, शिरीष नको म्हणत होता, पण काकू म्हणाल्या, "चल, तेवढाच बदल." दुपारचं लख्ख ऊन, बँडचे ढोल, हजारो माणसं एका रंगात. काका माझ्या डावीकडे, काकू उजवीकडे. समोरच्या टीमचा एक काळा, बुटका, प्रचंड मांड्यांचा पोरगा बॉल घेऊन फुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. पुढे मोकळं मैदान आणि फक्त अमेय.

काका पुटपुटायला लागले. "मान वर. वर, बाळा. वर, वर, वर."

आवाज आला. इतक्या गोंगाटात तो वेगळा ऐकू आला, जाड फळी दुमडल्यासारखा. दोघंही पडले. तो बुटका उठला. अमेय उठला नाही.

आधी लोक ओरडत होते. मग एकेक भाग शांत होत गेला आणि सगळं मैदान गप्प झालं. बँडमधल्या एका पोराचा झांजेला चुकून धक्का लागला होता, ती झांज थरथरत होती तेवढा आवाज. काकू उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात, सकाळी शाळेसाठी उठवावं तसं म्हणाल्या, "अमेय, ऊठ. ऊठ रे."

काकांनी माझं मनगट धरलं होतं. ते उभे राहिले नाहीत. भिंगांवर त्यांचा श्वास साठला होता. "मला दिसत नाही. तू बघ. बूट बघ. बुटाचं टोक हलतंय का?"

मी बघितलं. हिरव्या गवतावर ते पांढरे बूट बाहेरच्या बाजूला कलंडले होते. एखाद्याने काढून ठेवल्यासारखे.

"मीनल, हलतंय का?"

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी माझं मनगट सोडलं, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवले आणि पुढे बघत राहिले. त्यांना नवीन काही कळलं नव्हतं. इतके महिने ते ह्याच क्षणात राहत होते. आम्ही त्या दिवशी तिथे पोचलो.

अमेयला फळीवर बांधून नेलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काकू पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि कुणी दार उघडलं की डोळे मिटून घेत होत्या. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला नर्स बाहेर आली. उजव्या पायाच्या बोटांना मुंग्या आल्या आहेत, म्हणाली. मुंग्या येणं इतकं चांगलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. काका खाली बसले. खुर्ची होती, पण ते फरशीवरच बसले.

काही दिवसांत त्याचे हातपाय सगळे परत आले. मणक्याला जबर हिसका बसला होता, तुटलं काही नव्हतं. मानेतली मज्जारज्जूची वाट जन्मतःच थोडी अरुंद आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. एक डॉक्टर म्हणाले, खेळणं बंद. दुसरे म्हणाले, धोका आहे, पण तो सगळ्यांनाच असतो. व्यायाम करून मान बळकट केली तर खेळता येईल, निर्णय त्याचा. अमेयला दुसरे डॉक्टर आवडले.

हिवाळाभर तो गळ्याला पट्टा लावून घरी होता. बापलेक एकमेकांशी हवापाण्याचं बोलायचे. ऑगस्टमधल्या जेवणाचा विषय कुणी काढला नाही. फक्त एकदा, मी मुलीला घेऊन गेले होते तेव्हा, अमेय तिचं डोकं तळहातावर सांभाळत मला म्हणाला, "मीनलताई, बाबा वॉज राइट. ही इज ऑलवेज राइट." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला तेव्हा बरं वाटलं.

पट्टा निघाला आणि तो परत गेला. एप्रिलमध्ये त्यांच्या टीमचा आपसातला सराव सामना होता, घरच्यांना बघायला परवानगी होती. काकांचा फोन आला. "येतेस का? शैला येत नाही म्हणतेय. मला एकट्याला बघवणार नाही." मुलीला शिरीषकडे ठेवून मी गेले.

गॅलरी जवळजवळ रिकामी होती. मैदानातला प्रत्येक आवाज ऐकू येत होता, पोरांचं धापा टाकणंसुद्धा. अमेय त्याच्या जागी मागे उभा होता. बॉल हलला आणि मी त्याला शोधायला लागले, तर तो आधीच तिथे होता. समोरचा अजून वळत होता आणि अमेय त्याच्या वाटेत उभा. मान वर, छाती समोर, दोन्ही हातांचा विळखा. धडक नाही, आवाज नाही. त्या पोराला त्याने गादीवर निजवावं तसं खाली ठेवलं. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही.

एव्हाना एवढं मलाही कळत होतं. मी खूश होऊन काकांकडे बघितलं. ते रडत होते.

"भ्यायला शिकलं पोरगं," ते म्हणाले. "टाच बघितलीस? आधी उचलतोय. मी आजवर जेवढे बघितले ना, त्या सगळ्यांत हा मोठा होणार. सगळ्यांत."

"मग चांगलंच झालं की, काका. आता डोकं नाही घालत. नीट खेळतोय."

"हा नीट खेळेल. समोरचा?" त्यांनी डोळे पुसले नाहीत. "समोरच्याने डोकं घातलं तर? कुणी मागून येऊन पडला तर? वाट अरुंद आहे मानेतली. एकदा वाचला. आणि हा आता प्रत्येक सामन्यात असणार, प्रत्येक बॉलला असणार, कारण हा चांगला आहे. मी किती वेळा बूट बघायचे?"

सराव संपला. अमेय हेल्मेट काढून कुंपणापाशी आला. घामाने निथळत होता, चेहरा मात्र लहान मुलासारखा झाला होता. त्याने मला हात केला आणि मग वडिलांसमोर उभा राहिला.

"बाबा, खरं सांगा. कसा खेळलो?"

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. त्यांचा आवाज अजिबात कापला नाही.

"उशिरा पोचतोयस, अमेय. पूर्वी अर्धं पाऊल उशीर होता, आता एक आहे. दुखापतीनंतर होतं असं. शरीर मागे ओढतं."

"कोच म्हणाला मी..."

"कोचला तुला बरं वाटावं असं बोलायला लागतं. बसवून ठेवतील तुला. दोन वर्षं बाकावर बसशील."

अमेयने माझ्याकडे बघितलं. मी कुंपणाच्या जाळीकडे बघत होते.

"यू आर शुअर?"

"कधी चुकलोय मी?"

त्याने हेल्मेटच्या जाळीत बोटं अडकवली. मग "ओके" म्हणाला. आणखी एकदा म्हणाला, "ओके, बाबा." आणि बाकीची पोरं ज्या दारातून गेली होती तिकडे चालायला लागला. काका त्याच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत होते, तो दिसेनासा होईपर्यंत.

परतताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, मागच्या बाजूला गेले आणि ओकले. तोंड धुऊन आले.

अमेयने उन्हाळ्यात खेळ सोडला. काकूंना वाटलं, पोराला अक्कल आली. कोचचा एकदा घरी फोन आला होता, काकांनी घेतला. ह्या वर्षी पहिल्यापासून त्यालाच खेळवायचं ठरलं होतं, त्याला समजवा, असं तो सांगत होता. "सांगतो," म्हणाले काका, आणि सांगितलं नाही. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं, समोरच्या ट्रकवरची नजर न काढता.

तेव्हापासून त्यांची भीती बदलली. लिफ्टमध्ये ते मुकाट्याने यायला लागले. फ्रीवेवर "थांब, थांब" बंद झालं. पण घरात फोन वाजला की काकूंच्या आधी धावत जायचे. अमेय सुट्टीत आला आणि त्याचे टीममधले जुने मित्र भेटायला आले की काका त्यांच्यातून हलायचे नाहीत, उगाच सरबत विचारत बसायचे. धास्ती एकच, कुणीतरी बोलून जाईल, अरे, तू त्या दिवशी काय खेळला होतास! ऑगस्टमध्ये रेने नावं विचारली तर म्हणाले, "मला आता दिसत नाही." रेला वाटलं, मोतीबिंदू झाला असेल. त्याने एका डोळ्याच्या डॉक्टरचा नंबर आणून दिला.

अमेय शिकून ह्यूस्टनलाच नोकरीला लागला. खेळ सोडल्यावर पहिलं वर्षभर तो कुणाशी धड बोलत नव्हता. मग हळूहळू बरा झाला, शनिवारी टीव्हीसमोर बसायला लागला. बचावाची पोरं दाखवली की काका उठून अंगणात जायचे.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात शिरीषला दुसऱ्या राज्यात, बॉथेलला नोकरी मिळाली आणि आम्ही सामान बांधलं. निघायच्या दिवशी बापलेक दोघंही मदतीला आले. अमेय आणि शिरीष वर गेले तेव्हा स्वयंपाकघरात मी आणि काका खोकी चिकटवत होतो. मी विचारलं, "काका, कधी सांगणार त्याला?"

त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली. "रोज ठरवतो. त्याची मान दिसली की राहून जातं."

वरून सोफा निघाला. वरचं टोक शिरीषकडे, खालचं अमेयकडे. अमेय उलटा, पाठमोरा, एकेक पायरी उतरत होता. मी जिन्यापाशी थांबले, काका त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"बाबा, मला माहितीये," अमेय मागे न बघता म्हणाला.

काका जागच्या जागी थिजले. ओठ पांढरे पडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तसा चेहरा मी त्या मैदानातही पाहिला नव्हता.

"मागे पायरी मोडकी आहे ती," अमेय म्हणाला. "मला माहितीये. आय गॉट इट."

काकांनी श्वास सोडला. सोफा खाली यायला लागला. त्याच्याबरोबर तेही एकेक पायरी उलटे उतरत गेले. वाकड्या बोटांचा तो तळहात अमेयच्या मानेमागे, चार बोटं अंतर ठेवून, न लावता धरलेला. दारातून बाहेर, उन्हातून, ट्रकपर्यंत तो हात तसाच होता.